शरणपूर ते फ्रिअरटाउन

मराठी मुलखातून आफ्रिकेत मिशनच्या कामासाठी कोण गेले, असा प्रश्न कुणी विचारला तर आपल्यापैकी बहुतेकांना उत्तर सुचणार नाही. मिशन म्हटले की आपल्यासमोर उलट दिशेचे चित्र उभे राहते. साहेब समुद्रापलीकडून आला, त्याने शाळा काढली, दवाखाना काढला, व्याकरण लिहिले, आणि आपण त्याला कधी शिव्या दिल्या तर कधी त्याचे पुतळे उभारले. इथून बाहेर गेलेला मिशनरी आपल्या इतिहासात बसतच नाही. तसे लोक होते. मात्र ते जन्माने मराठी नव्हते, नावाने इंग्रज वाटत होते आणि रंगाने काळे होते. त्यामुळे मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात त्यांना पुरते पान मिळाले नाही, आणि इंग्रजी इतिहासात ते 'विश्वासू नोकर' एवढ्या दोन शब्दांत आटोपले.

या लोकांपर्यंत मी आडवाटेने पोहोचलो. आम्हा कोल्हापूरकरांचा आफ्रिकेशी संबंध सांगायचा तर लोक चित्त्यांपासून सुरुवात करतात, कारण संस्थानच्या शिकारीसाठी चित्ते आफ्रिकेतून आणले जात. मी शोधत होतो वाइल्डर घराणे. रॉयल गोल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ च्या अखेरीस कोल्हापुरात आले. त्यांच्या नावाचे चर्च आजही शहरात आहे. त्यांचा मुलगा रॉबर्ट याचा जन्म कोल्हापुरातच, २ ऑगस्ट १८६३ चा. हा रॉबर्ट पुढे अमेरिकेत शिकला. १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधील माउंट हर्मन येथे विद्यार्थ्यांचे एक शिबिर भरले होते. 'देवाची इच्छा असेल तर मी परदेशी मिशनरी होईन' अशा अर्थाच्या प्रतिज्ञेवर तिथे शंभर तरुणांनी सह्या केल्या. या सह्यांमागची मुख्य खटपट रॉबर्टची. त्यातून 'स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट' ही चळवळ निघाली आणि पुढल्या पन्नासएक वर्षांत तिच्यातून वीस हजारांच्या आसपास माणसे चीन, हिंदुस्थान, आफ्रिका अशी जगभर गेली. स्वयंसेवक म्हणून परदेशी जाण्याची जी कल्पना आज सर्वांच्या परिचयाची आहे, तिच्या मुळाशी कोल्हापुरात जन्मलेला माणूस आहे, हे आमच्या गावात फारसे कुणाला ठाऊक नाही.

रॉबर्टच्या जन्मानंतरच्याच वर्षी, १८६४ मध्ये, नाशिकचे तीन तरुण आफ्रिकेत रवाना झाले. त्यांनी कुठल्याही प्रतिज्ञेवर सही केलेली नव्हती. वाइल्डर बाजूला ठेवून मी त्यांच्या मागे लागलो.

त्यासाठी आधी शरणपूर समजून घ्यावे लागते. आज नाशिककरांना 'शरणपूर रोड' हा दुकानांचा, बँकांचा, वाहतुकीच्या कोंडीचा रस्ता म्हणून माहीत आहे. हे शरणपूर म्हणजे चर्च मिशनरी सोसायटीने १८५० च्या दशकात शहराबाहेर वसवलेली ख्रिस्ती वस्ती. विल्यम साल्टर प्राइस हे तिचे मुख्य कर्ते. धर्मांतर केल्यावर घरातून आणि जातीतून बाहेर पडलेल्यांना राहायला जागा आणि हाताला काम हवे, म्हणून शाळा, अनाथालय, सुतारकाम, लोहारकाम असा सगळा पसारा तिथे होता. 'शरण' आलेल्यांचे पूर, इतके साधे नाव.

त्याच काळात ब्रिटिश नौदल हिंदी महासागरात गुलामांचा व्यापार अडवण्यासाठी गस्त घालत होते. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून अरबस्तानाकडे निघालेली गलबते पकडली जात आणि आतली माणसे 'मुक्त' होत. पण मुक्त झालेल्या माणसांचे पुढे करायचे काय? त्यांतली बरीचशी लहान मुले. त्यांचे गाव कोणते, भाषा कोणती, आईबाप जिवंत आहेत की नाहीत, काही कळायचे नाही. परत नेऊन किनाऱ्यावर सोडावे तर आठ दिवसांत पुन्हा दोरीला बांधली जायची. मग त्यांना एडन, मॉरिशस, सेशेल्स, मुंबई अशा ठिकाणी उतरवत. मुंबईत उतरलेली काही मुले मिशनच्या हवाली होत. त्यांच्यासाठीचे 'आफ्रिकन असायलम' १८६० च्या सुमारास मुंबईहून शरणपूरला आले.

या कामात कार्ल विल्हेल्म आयझेनबर्ग हा जर्मन मिशनरी होता आणि पुढच्या साऱ्या घडामोडींची किल्ली मला त्याच्यात दिसते. हा माणूस मुंबईला येण्याआधी इथिओपियात होता. अम्हारिक भाषेचा कोश आणि व्याकरण त्याच्या नावावर आहे. तिथला त्याचा सहकारी योहान लुडविग क्रॅफ. इथिओपियातून दोघांनाही बाहेर पडावे लागले. आयझेनबर्ग मुंबईकडे वळला, क्रॅफ मोंबासाला गेला आणि १८४६ मध्ये त्याने योहानेस रेबमन याच्यासह मोंबासाजवळच्या राबाई गावी ठाणे मांडले. किलिमांजारोचे बर्फ पाहून ती बातमी युरोपला कळवणारा तो हाच रेबमन. पंधराएक वर्षांत राबाईचे यश अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. क्रॅफ आजारी पडून परतला, रेबमन एकटा उरला, त्याची दृष्टी जाऊ लागली. एकीकडे राबाईत माणसे नाहीत, दुसरीकडे नाशिकला आफ्रिकेतलीच शिकलेली तरुण माणसे आहेत. हे दोन जुने सहकारी समुद्राच्या दोन काठांवर नसते, तर नाशिक आणि राबाई यांची गाठ पडली असती की नाही, शंका आहे.

१८६४ मध्ये राबाईला गेलेले ते तिघे म्हणजे विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड.

नावांविषयी थोडे सांगायला हवे. शरणपूरच्या मुलांची आडनावे वाचली की मिशनऱ्यांची हजेरी घेतल्यासारखे वाटते. प्राइस, आयझेनबर्ग, फॅरार. फॅरार हे नाशिकला असलेले आणखी एक मिशनरी. मुलगा गलबतावरून उतरला की त्याचे नाव बदले, आणि जुने नाव सहसा कुणी टिपून ठेवीत नसे. मॅथ्यू वेलिंग्टन या एकाचे जुने नाव, चेंगविंबे, आपल्यापर्यंत पोहोचले आहे, कारण तो फार जगला आणि लोकांनी त्याला विचारले. बाकीच्यांना विचारणारे कुणी नव्हते.

ही मुले मराठी बोलत होती का, असे मला पुष्कळ जण विचारतात. त्यांचे शिक्षण इंग्रजीतून होई. पण शरणपूरची वस्ती मराठी ख्रिस्ती लोकांची, शेजार मराठी, बाजार नाशिकचा. सात-आठ वर्षे अशा ठिकाणी काढलेल्या मुलाला मराठी येत नसेल तरच नवल. लिव्हिंग्स्टनच्या तांड्यातली ही मुले आपसात कधी मराठी शब्द वापरीत असतील, अशी कल्पना मी करतो आणि तिथेच थांबतो, कारण पुढे कागद नाही.

डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचा विषय निघालाच आहे, तर तो इथेच सांगून टाकू. जगाला ही नाशिकची मुले माहीत झाली ती त्यांच्यामुळे. १८६४ च्या जूनमध्ये लिव्हिंग्स्टन 'लेडी न्यासा' ही आपली छोटी आगबोट स्वतः हाकत झांझिबारहून मुंबईला आले. बरोबर चुमा, विकतानी, सुसी, आमोदा असे आफ्रिकन तरुण होते. त्यांतल्या चुमा आणि विकतानी यांना त्यांनी डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवले. पुढच्या वर्षी ते पुन्हा मुंबईस आले, बोट विकली (ते पैसे ज्या बँकेत ठेवले तीही पुढे बुडाली) आणि नव्या मोहिमेची जुळवाजुळव केली. तेव्हाचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी मदत केली. १८६६ च्या जानेवारीत मोहीम मुंबईहून निघाली. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरताना लिव्हिंग्स्टन यांनी केलेल्या नोंदीत तेरा शिपाई, दहा जोहाना बेटावरचे लोक, नऊ नाशिकची मुले, दोन शुपांगाचे आणि दोन याओ जमातीचे असा हिशेब आहे. शिवाय सहा उंट, तीन म्हशी आणि एक रेडकू, दोन खेचरे, चार गाढवे. त्से त्से माशीपुढे ही जनावरे टिकतात का, हे त्यांना पाहायचे होते. टिकली नाहीत. शिपाईही टिकले नाहीत, त्यांना वाटेतूनच परत पाठवावे लागले.

नाशिकच्या मुलांविषयी लिव्हिंग्स्टन यांच्या रोजनिशीत तक्रारी भरपूर आहेत. आळशी आहेत, भांडतात, वगैरे. १८६८ मध्ये बांग्वेउलू सरोवराकडे जायला त्यांच्या बऱ्याच माणसांनी साफ नकार दिला. त्यावर ते स्वतःच लिहितात की मी त्यांना मनातून फार दोष देत नाही, पायपीट करून ते थकले आहेत आणि मीही थकलो आहे. हा प्रामाणिकपणा त्यांच्या चरित्रकारांत अभावानेच आढळतो. चरित्रकारांनी जे राहिले त्यांना 'विश्वासू' आणि जे गेले त्यांना 'पळपुटे' ठरवून टाकले.

त्या नऊ मुलांत अब्राहम नावाचा एक होता. १८६६ च्या जुलैत मोहीम न्यासा सरोवराच्या पूर्वेला माताका नावाच्या सरदाराच्या गावी आली. बघ्यांच्या गर्दीत अब्राहमला त्याचा मामा की काका दिसला (इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द असल्याने हे कळायला मार्ग नाही, आणि मराठी माणसाला तेच आधी हवे असते). ओळख पटली. चौकशी केली तेव्हा समजले की त्याला विकल्यानंतर त्याची आई आणि दोन बहिणी याही विकल्या गेल्या. मामाने आग्रह केला, इथेच राहा. सरदार माताकानेही सांगितले. लिव्हिंग्स्टन यांनीही भर घातली, बरेच महिने पुरेल इतका माल द्यायची तयारी दाखवली. अब्राहमचे उत्तर प्रत्येक वेळी एकच होते: जिथे आई नाही, बहीण नाही, तिथे मी कसा राहू?

स्वगृही परत जाणे या कल्पनेवर मिशनची सगळी योजना उभी होती. आफ्रिकेची मुले, नाशिकला शिकवली, आता आपल्या माणसांत परत पाठवायची. कागदावर हे किती सरळ दिसते! अब्राहमला अक्षरशः स्वतःची माणसे सापडली, आणि तो त्यांच्यापाशी राहिला नाही. घर म्हणजे जागा नव्हे, आणि ज्या नातेवाइकांनी विकताना अडवले नाही ते नातेवाईक नव्हेत, हे त्याला लिव्हिंग्स्टन यांच्याहून चांगले कळत होते. तो तांड्याबरोबर पुढे चालत राहिला.

१८७२ मध्ये नाशिकच्या तरुणांची दुसरी तुकडी लिव्हिंग्स्टन यांच्या मदतीला गेली. तिच्यात जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फॅरार हे होते. पुढची हकिकत प्रसिद्ध आहे. १ मे १८७३ रोजी आजच्या झांबियातील चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारले. लोकांनी काळीज तिथेच एका झाडाखाली पुरले, देह उन्हात वाळवला, झाडाच्या सालीत आणि शिडाच्या कापडात गुंडाळला आणि चुमा व सुसी यांच्या पुढारीपणाखाली हजार मैलांहून अधिक वाट तुडवून नऊ-दहा महिन्यांनी किनाऱ्यावर आणला. वाटेत कॅमेरॉन हा इंग्रज अधिकारी भेटला. त्याने सांगितले, इथेच पुरा. त्यांनी ऐकले नाही. मृताची भूगोलाची उपकरणे मात्र त्याने काढून घेतली.

यात नाशिकच्या शाळेचा वाटा नेमका कोणता? लिहिणे. काळीज पुरताना प्रार्थना वाचली ती जेकबने, झाडावर नाव आणि तारीख कोरली ती जेकबने, आणि मृताच्या सामानाची यादी केली तीही त्यानेच. ती यादी नसती तर किनाऱ्यावर पोहोचल्यावर चोरीचा आळ यायला कितीसा वेळ लागला असता? त्याने स्वतःची रोजनिशीही ठेवली. १८७४ मध्ये ती जर्मन भाषांतरात प्रसिद्ध झाली. झांझिबारला मजुरी चुकती करून बाकीच्यांना वाटेला लावण्यात आले. जेकबचे भाडे मिशनने दिले, म्हणून शवपेटीबरोबर इंग्लंडला जाऊ शकला तो तो एकटाच, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तोही उभा राहिला. चुमा आणि सुसी पोहोचले तेव्हा अंत्यसंस्कार उरकले होते. नंतर रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने या लोकांसाठी 'अखेरपर्यंत एकनिष्ठ' अशा अर्थाची अक्षरे कोरलेली पदके पाडली. तोवर त्यांतले पुष्कळ जण पांगले होते, त्यांच्यापर्यंत पदके गेलीच नाहीत.

आता मूळ विषयाकडे. गव्हर्नरपद सोडल्यावर सर बार्टल फ्रिअर १८७२-७३ मध्ये गुलामांचा व्यापार बंद पाडण्याच्या कामगिरीवर झांझिबारला गेले. १८७३ च्या जूनमध्ये सुलतानाशी करार झाला आणि झांझिबारचा गुलामबाजार बंद पडला. आता पकडलेल्या गलबतांवरची माणसे मुंबईला आणायची गरज नव्हती, पण किनाऱ्यावरच त्यांची सोय लागणार होती. फ्रिअर यांच्या डोळ्यांसमोर नाशिक होते. मिशनने प्राइस यांनाच १८७४ मध्ये मोंबासाला धाडले. बेटासमोरच्या भूमीवर जागा घेतली, वस्ती उभी राहिली आणि तिला नाव मिळाले फ्रिअरटाउन. शरणपूरचाच नकाशा उचलून मोंबासाच्या खाडीकाठी ठेवला, असे म्हटले तरी चालेल: शाळा, चर्च, कारखाना, शेतीचे तुकडे. माणसेही तिथलीच. मुंबई-नाशिकहून शंभराहून अधिक आफ्रिकन स्त्री-पुरुष या वर्षांत मोंबासाला गेले आणि शरणपूरचे असायलम ओस पडले.

तिथे त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. त्यांनी शाळेत शिकवले, उपदेश केला, दुभाष्याचे काम केले, लोहारकाम-सुतारकाम केले. इंग्रजी लिहिता-बोलता येणारा, युरोपियन पोशाख करणारा, चर्चमध्ये लग्न केलेला हा आफ्रिकन माणूस किनाऱ्यावरच्या स्वाहिली मुसलमानांना आपला वाटत नव्हता, राबाईच्या मिजिकेंदांना वाटत नव्हता, आणि गोऱ्या मिशनऱ्यांनाही वाटत नव्हता. त्यांची जात विचारली तर उत्तर 'मुंबईवाले' असे देण्याजोगे होते.

गोऱ्यांशी संबंध बिघडले ते मुख्यतः अधिकारावरून आणि पगारावरून. काम तेच, किंबहुना अधिक. भाषा यांना येते, लोक यांचे ऐकतात. पण निर्णय नव्याने विलायतेहून आलेल्या पोरसवदा साहेबाचा. १८८०-८१ मध्ये फ्रिअरटाउनचे व्यवस्थापक स्ट्रीटर यांच्याविरुद्ध वस्तीतल्या लोकांना फटके मारल्याच्या तक्रारी झाल्या, प्रकरण झांझिबारच्या ब्रिटिश वकिलातीपर्यंत गेले आणि घडी बसवायला प्राइस यांना पुन्हा जावे लागले. गुलामीतून सोडवलेल्या माणसांच्या वस्तीत चाबूक! नाशिकला शिकलेल्या लोकांना यात काहीतरी चुकते आहे हे कळत होते, आणि ते बोलून दाखवीत. मिशनच्या पत्रव्यवहारात त्यांच्यावर उद्धटपणाचा शिक्का बसला तो इथून.

राबाईत मात्र गोरा माणूस वर्षानुवर्षे नसे आणि ठाणे हेच लोक चालवीत. आंधळे झालेले रेबमन १८७५ मध्ये मायदेशी परतले. जॉर्ज डेव्हिड आणि मग विल्यम जोन्स यांच्या काळात राबाईची वस्ती फुगत गेली, कारण किनाऱ्यावरच्या मळ्यांतून पळालेले गुलाम तिथे आसरा घेऊ लागले. कायद्याने गुलामगिरी अजून चालू होती, फक्त व्यापार बंद होता. पळून आलेल्यांना थारा देणे म्हणजे मळेवाल्या अरबांशी उघड वैर, आणि मिशनचे वरिष्ठ थारा देऊ नका म्हणून बजावीत होते. तरीही वस्ती वाढत राहिली. ज्याला स्वतःला कुणीतरी गलबतातून उतरवून घेतले होते, त्याने दारात आलेल्या माणसाला परत पाठवायचे कसे? शेवटी १८८८ मध्ये मळेवाल्यांनी प्रकरण धसास लावले. १८८९ च्या १ जानेवारीला ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीचे मॅकेन्झी यांनी मालकांना भरपाई देऊन राबाई आणि आसपासच्या चौदाशेच्या आसपास माणसांना मुक्ततेचे दाखले दिले. या व्यवहाराचे श्रेय इतिहासात मॅकेन्झी आणि प्राइस यांना आहे. ही चौदाशे माणसे तिथे जमा कशी झाली, कुणी ठेवून घेतली, हा प्रश्न त्या श्रेयाच्या आधीचा आहे.

जोन्स आणि सेमलर यांना ३१ मे १८८५ रोजी बिशप जेम्स हॅनिंग्टन यांनी डीकन म्हणून दीक्षा दिली. राबाईला येऊन त्यांना एकवीस वर्षे झाली होती. त्यांच्याबरोबरचे जॉर्ज डेव्हिड त्याआधीच वारले होते. दोन महिन्यांच्या आत हॅनिंग्टन मसाई मुलखातून युगांडाकडे निघाले आणि जोन्सना बरोबर घेतले. सरोवराच्या अलीकडे, ऑक्टोबरमध्ये, बिशपनी तांड्याचा मोठा भाग जोन्स यांच्या ताब्यात मागे ठेवला आणि स्वतः पन्नासएक माणसे घेऊन पुढे गेले. बुसोगात राजा म्वांगाच्या हुकमाने ऑक्टोबरच्या अखेरीस त्यांची व त्यांच्या बहुतेक माणसांची हत्या झाली. सुटून आलेल्या मोजक्या लोकांकडून जोन्सना बातमी कळली. विश्वास बसेना म्हणून ते आणखी काही आठवडे तिथेच थांबले. मग दीडशेवर माणसांचा तो तांडा त्यांनी त्याच धोक्याच्या वाटेने परत आणला. ४ फेब्रुवारी १८८६ रोजी राबाईकरांना डोंगरावरून तांडा येताना दिसला. पुढे निळे निशाण होते आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द शिवला होता, इखाबोद. बायबलच्या जुन्या करारातले हे नाव. अर्थ, वैभव गेले.

हॅनिंग्टन यांच्या चरित्रात त्या शेवटच्या प्रवासाची बरीच माहिती जोन्स यांच्या टिपणांवरून घेतलेली आहे. म्हणजे लिव्हिंग्स्टन यांच्या मृत्यूची नोंद नाशिकच्या विद्यार्थ्याने केली, आणि हॅनिंग्टन यांच्या अखेरच्या वाटचालीची नोंदही नाशिकच्याच विद्यार्थ्याने. पूर्व आफ्रिकेतल्या मिशनच्या इतिहासातले हे दोन सर्वांत गाजलेले मृत्यू. दोन्ही वेळा मेलेला माणूस हुतात्मा झाला आणि लिहिणारा तळटिपेत गेला.

ज्यांना मिशनचे जू नको झाले ते कंपनीच्या, पुढे सरकारच्या नोकरीत शिरले. जेकब वेनराइट फ्रिअरटाउनला काही काळ शिक्षक होता, नंतर युगांडाच्या बाजूला गेला आणि १८९२ मध्ये आजच्या टांझानियातील उरांबो येथे वारला. मॅथ्यू वेलिंग्टनने मोंबासात सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी धरली. स्त्रियांचे काय झाले, हे लिहायला मला फार थोडे सापडले. अहवालांत त्या बहुधा कुणाच्या तरी पत्नी म्हणून येतात, नावाशिवाय.

रॉबर्ट वाइल्डरही अखेरीस आफ्रिकेत पोहोचले. १९२७ ते १९३३ या काळात ते कैरोत होते, पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेसाठीच्या ख्रिस्ती परिषदेचे चिटणीस म्हणून. त्यांची चरित्रे आहेत, कागदपत्रे जपलेली आहेत. त्याच वर्षांत खंडाच्या दुसऱ्या टोकाला मोंबासात म्हातारा मॅथ्यू वेलिंग्टन राहत होता. लिव्हिंग्स्टन यांचा देह वाहून आणणाऱ्यांपैकी हयात असलेला शेवटचा माणूस म्हणून पाहुणे त्याला भेटायला येत आणि त्या प्रवासाची हकिकत विचारीत. १९३५ मध्ये तो वारला. फ्रिअरटाउनच्या ज्या भागात वस्तीची घंटा टांगलेली होती, त्याला मोंबासातले लोक अजून 'केंगेलेनी' म्हणतात. स्वाहिलीत 'केंगेले' म्हणजे घंटा.